गावाबाहेरची बंद जिनिंग: नोंद करायची तर सुरुवात कुठून?

सरकीवाला
राम राम मंडळी. वऱ्हाडातल्या आमच्या गावाबाहेर इंग्रजांच्या काळातली एक जिनिंग फॅक्टरी आहे, बंद पडून जमाना झाला. पत्रे निम्मे उडालेत पण रेचे (कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं) अजून ओळीनं उभे आहेत, चिमणी शाबूत आहे आणि रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसच्या खोलीला कुलूप आहे. मालकांची आताची पिढी नागपूरला असते, त्यांचं म्हणणं की मशिनरी भंगारात द्यायचं चाललंय, त्याआधी तुम्हाला फोटोबिटो काढायचे तर काढून घ्या, आमची ना नाही. तर वाचनालयात बसणारी आम्ही काही पोरं आणि दोन रिटायर मास्तर, असं ठरलंय की नीट नोंद करू, आणि हात घातलाच आहे तर पंचक्रोशीतले तेलघाणे, चुन्याची घाणी, नॅरोगेजचं पडकं स्टेशन हेही घेऊ.

आता वाद असा की ओळखीच्या एक आर्किटेक्ट म्हणतात आधी मोजमापं आणि ड्रॉइंग, मास्तर म्हणतात आधी म्हातारी माणसं गाठा. पैसे नाहीत. मोबाईल आहेत, आणि लग्नाची शूटिंग करणाऱ्या मित्राचा ड्रोन आहे. कुणी असं काही केलंय का? सुरुवात कुठून करावी?

उनाड
ड्रोन आहेच तर जिनिंगचं प्री-वेडिंग करून टाका, भंगारवाल्याबरोबर. (दिवे घ्या)

टोपोशीट
आधी जागा पक्की करा, बाकीचं मागून. गटनंबर, सातबारा, आणि मुख्य म्हणजे जुने फेरफार. फेरफार लोक बघतच नाहीत आणि खरी गोष्ट तिथेच असते: जमीन शेतकऱ्याकडून कधी घेतली, कंपनीच्या नावावर कधी लागली, बँकेचा बोजा कधी चढला. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नकला मिळतात, थोडा पेशन्स ठेवा.

वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, त्यामुळे कॅम्पबेलच्या (मुंबई इलाख्याच्या) गॅझेटियरात शोधत बसू नका. १८७० चं लायलचं वऱ्हाडाचं गॅझेटियर आणि नंतरची जिल्हावार गॅझेटियर बघा. आणि रेल्वे बघा. खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता उद्घाटनाला, कशासाठी तर कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं (१८६१ ते ६५) तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरचं लक्ष इकडे वळलं, तुमच्या जिनिंगची पाळंमुळं त्याच्यात असणार. रुळापासून जिनिंग किती लांब, मध्ये बैलगाडीचा रस्ता कोणता, हे नकाशावर काढा, जागा तिथेच का निवडली ते आपोआप कळेल.

मशीनवरच्या पाट्यांचे फोटो पहिल्या दिवशी घ्या. ओल्डहॅम, बोल्टन, लिंकन, गेन्सबरो असली गावं दिसतील. भंगारवाला पितळी पाटी सगळ्यात आधी उचकटतो.

गुळव्याची नात
मास्तरांचं बरोबर आहे, आणि टोपोशीट, तुमचंही चूक नाही, पण फेरफार पुढच्या वर्षीही तिथेच असतील, माणसं असतीलच असं नाही.

माझे आजोबा गुळवे होते, म्हणजे गूळ करणारे, कोल्हापूरकडे. आमच्या भागातल्या एका गुऱ्हाळघराचं कॉलेजच्या मुलांनी सर्वेक्षण केलेलं मी बघितलंय. चुलवाणाची लांबी, काईलीचा व्यास, छपराची उंची, धुराड्याच्या विटा, सगळं अगदी इंचात. आणि उत्पादन प्रक्रियेपुढे एक शब्द: "पारंपरिक". संपलं! अरे पण आदण (काईलीतला उकळता पाक) उतरवायची वेळ कशी ओळखायची? आजोबा आधी बुडबुडे बघायचे, मग पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का ते बघायचे, मग वास. भेंडीचा रस कधी घालायचा, मळी वर आली की किती झटपट काढायची, काढायला उशीर झाला तर गुळाचा रंग कसा मारला जातो, चिपाडं दमट असतील तर जाळ घालणाऱ्यानं काय करायचं, हे त्या चुलवाणाच्या ड्रॉइंगमध्ये कुठून येणार. आणि गुळवा कामाला होता, मालक नव्हता, त्यामुळे सातबाऱ्यावरही तो नाही. कागद आणि मोजमाप या दोन्हीतून जो माणूस गळतो त्याच्याकडेच सगळं ज्ञान असतं.

म्हणून माझं मत, माणसापासून सुरुवात करा, पण त्याच्या घरी चहा पीत नाही, त्याला जागेवर घेऊन जा. घरात "आम्ही लई कष्ट केले" एवढंच निघतं. मशीनसमोर उभा केला की हात आपोआप हलायला लागतात आणि मग खरं सुरू होतं.

भाकरीवाला
अवांतर: भेंडीच्या रसाचा गूळ पिवळाधमक नसतो, काळपट असतो, आणि तोच खरा. पिवळाधमक हवा असेल तर त्यात काय घालतात ते विचारा एकदा.

गुळव्याची नात
@भाकरीवाला, पूर्ण सहमत, पण त्याचा वेगळा धागा काढा नाहीतर हा धागा हायड्रोसमध्ये (गूळ पिवळा करायचं रसायन) बुडेल.

जुना फिटर
मी तरुणपणी खानदेशात जिनिंगमध्ये फिटर होतो, नंतर दुसरीकडे गेलो. सरकीवाला, तुमच्याकडे रेचे शाबूत आहेत म्हणता म्हणून लिहितो.

डबल रोलर असतील बहुतेक. चामड्याच्या चकत्यांचा रूळ असतो, त्याला तिरक्या खाचा पाडलेल्या असतात, रुई त्या रुळाला चिकटून पात्याच्या खालून ओढली जाते आणि हलणारं पातं सरकीला टोले देऊन खाली पाडतं. खाचा झिजल्या की रुई ओढली जात नाही, पातं जास्त दाबलं की सरकी फुटते आणि रुईत कचरा येतो. हे अॅडजस्टमेंट आम्ही कानानं करायचो, गेज वगैरे नंतर आले. एका शेडमध्ये सगळे रेचे चालू असताना कुठला बेसूर वाजतोय ते मिस्त्री दारातून सांगायचा. तर तुमच्या म्हाताऱ्यांना विचारा: बिघाड काय काय व्हायचे? कसा कळायचा? कोण दुरुस्त करायचं? सुटा भाग कुठून यायचा, आणि तो आला नाही तर गावातला लोहार काय करून द्यायचा? चालू असताना कसं होतं हे विचारलं तर लोक दोन वाक्यांत सांगतात, बिघडल्यावर काय केलं हे विचारलं तर तासभर बोलतात.

एकच इंजिन असायचं आणि त्याच्यावर लांब शाफ्ट, शाफ्टवरून प्रत्येक रेच्याला पट्टा. हा शाफ्ट बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या बोगद्यात असतो, म्हणून आत जाताना काठीनं फरशी ठोकत जा, लाकडी झाकणं कुजलेली असतात. प्रेसखाली खड्डा असतो तो वेगळाच. आग विझवायचं हौद आता झुडपात लपलेलं असेल, पोरं पडतील. चिमणीवर कुणी चढायचं नाही. ड्रोन त्याच्यासाठी वापरा.

आणि प्रेसमध्ये वजनाचा तक्ता भिंतीवर रंगवलेला असेल तर त्याचा फोटो घ्या. जुनी गाठ ३९२ पौंडांची, आताची १७० किलोची.

शंकासुर
सगळे भावुक झालेत म्हणून विरोधी सूर. हा "वारसा" नक्की कुणाचा? गोऱ्या साहेबाला कापूस स्वस्तात नेता यावा म्हणून उभी केलेली शेड. आत बाया दिवसभर रुईच्या धुरळ्यात, छातीत तो धुरळा बसून आयुष्यभर खोकणाऱ्या. शेतकऱ्याला वजनात मारायचा आणि वर कटती कापायची. आता त्याचे काळेपांढरे फोटो काढून "गतवैभव" लिहायचं? गेलं भंगारात तर जाऊ दे की.

सरकीवाला
@शंकासुर, माझी आजी तिथे कापूस घालायला जायची. तिला गतवैभव वगैरे वाटत नाही. पण तिथल्या मुकादमाचं नाव घेतलं की अजून शिव्या देते, इतक्या ताज्या की ऐकत राहावं. ते रेकॉर्ड करायचं नाही असं कोण म्हणतंय?

गुळव्याची नात
शंकासुर, तुमचाच मुद्दा उलटा करून बघा. जिनिंग भंगारात गेली आणि नोंद झाली नाही तर उरेल काय? मालकाच्या दिवाणखान्यातला तैलरंगातला फोटो आणि साहेबाचा रिपोर्ट. खोकणाऱ्या बाईची साक्ष कुठल्याच दप्तरात नाही.

शंकासुर
हे मान्य. पण मग मजुरी किती होती, पुरुषाला किती आणि बाईला किती, संडास होतं का, तान्ही पोरं कुठे ठेवायच्या, हे प्रश्न यादीत आधी लिहा. रुळाच्या खाचा नंतर.

जुना फिटर
रुळाच्या खाचा नीट नसल्या की धुरळा जास्त उडतो साहेब. दोन्ही एकच प्रश्न आहे.

उनाड
फिटर काकांनी पट्टा चढवला. _/\_

मालकपक्ष
नाव मुद्दाम घेतलंय. आमच्या घरची एक जुनी तेलगिरणी आहे, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. गावातली मुलं नोंद करायला येतात तेव्हा मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो: उद्या हे हेरिटेज ठरलं तर मला जागा विकता येणार नाही, दुरुस्ती करता येणार नाही, पाच भावांत वाटणी अडकेल. म्हणून लोक कुलूप लावतात किंवा घाईनं पाडून टाकतात. तुम्ही नोंद करायला गेलात म्हणून पाडलं, असं होऊ शकतं. सरकीवालाचे मालक भले आहेत, सगळे नसतात, आणि आम्ही वाईट आहोत असंही नाही, घाबरलेलो आहोत.

टोपोशीट
भीती खरी आहे, तिला आधार मात्र कमी आहे. १९५८ च्या केंद्राच्या कायद्यात स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट आहे पण शंभर वर्षं झाली म्हणून काही आपोआप संरक्षित होत नाही, सरकारनं अधिसूचना काढावी लागते. गावातल्या वाचनालयानं वहीत केलेल्या नोंदीला असला काही कायदेशीर अर्थ नसतो. हे मालकाला पहिल्या भेटीत सांगा, आणि तोंडी नको, एका कागदावर साध्या मराठीत: काय काढणार, कुठे ठेवणार, कुणाला दाखवणार. सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. विकायची असेल तर विका, आम्हाला फक्त आधी फोन करा, एवढीच विनंती ठेवली की बरेच तयार होतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २००३ ची निझनी तागिल सनद आहे औद्योगिक वारशासाठी, त्यात यंत्रं आणि इमारतींबरोबर माणसांच्या आठवणीतलं आणि चालीरीतीतलं कौशल्यही जपण्यासारखं धरलंय. म्हणजे मास्तर आणि आर्किटेक्ट दोघांनाही दाखवायला उपयोगी.

मालकपक्ष
कागदाची कल्पना चांगली आहे. अजून एक, नेमकं ठिकाण आणि आत काय काय आहे याची यादी नेटवर टाकू नका. आमच्याकडे एका उत्साही माणसानं फोटो टाकले आणि महिन्याभरात मोटर गेली.

झुकझुक
नॅरोगेज स्टेशन म्हणालात, म्हणजे शकुंतलाच ना? यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची मालकी, स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं खाजगी मालकीची राहिलेली लाईन. मँचेस्टरला बनलेलं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. तिच्याबद्दलचे विनोद गोळा केले तरी एक खंड होईल: पुढच्या डब्यातून उतरून शेतात जाऊन हरभरा उपटून मागच्या डब्यात चढायचं.

उनाड
आमच्याकडे सांगायचे, गार्डला विचारलं जोरात चालवता येत नाही का, तो म्हणाला येतं हो, पण गाडी सोडून जाता येत नाही.

बार्शीकर
आमची बार्शी लाईट पण घ्या! कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली, अडीच फुटी रूळ. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरज. वारकऱ्यांना विचारा, आषाढीला टपावर बसून गेलेले लोक अजून आहेत. आणि रेल्वेवर काम करायचं तर स्टेशनमास्तरांच्या मागे लागू नका. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनच्या घरी जा. रुळाखालचा प्रत्येक मोरीपूल त्यांना पाठ असतो.

वाडीकर
मी किर्लोस्करवाडीच्या बाजूचा. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना उभा केला, हे शाळेच्या पुस्तकातही येतं. वालचंदनगर, प्रवरानगर यांचंही तसंच. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम, सगळं छापलेलं आहे. स्मरणिकांना तोटा नाही. पण स्मरणिकेत चेअरमनचं भाषण असतं, उसाच्या गाडीवानाचं आणि तोडणीवाल्याचं नसतं. मोठ्या कारखान्यांची नोंद झालीय म्हणून सोडून देऊ नका, तिथे गव्हाणीपाशी (जिथे ऊस यंत्रात टाकतात) उभा राहणारा माणूस अजून नोंदीविनाच आहे.

दुसरं, वस्तू कारखान्यात कमी आणि घरांत जास्त सापडतात. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्याकडे प्रत्येक घरात माळ्यावर आहे. आम्ही शाळेत एक दिवस ठेवला होता, घरातली कारखान्याशी संबंध असलेली एक वस्तू आणा, फोटो काढून, माहिती लिहून तिथल्या तिथे परत. कंदील आले, पगाराची पाकिटं, कॅन्टीनची कुपनं, बिल्ले, एका आजीनं संपातल्या दिवसांचं उधारीचं किराणा खातं आणलं. गोळा काहीच करायचं नाही, हे आधी सांगितलं म्हणून लोक आले.

सरकीवाला
@वाडीकर हे भारी आहे. हे तर आम्ही पुढच्याच रविवारी करू शकतो.

पाचोळा
जातीचा विषय कुणी काढला नाही म्हणून काढतो. गावातले जुने उद्योग म्हणजे तेली, कुंभार, लोहार, कातडी कमावणारे ढोर, महाबळेश्वरच्या डोंगरात जांभा दगडातून लोखंड गाळणारे धावड. जुन्या गॅझेटियरात ह्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते साहेबाच्या आणि त्याच्या कारकुनाच्या डोळ्यांनी लिहिलंय, ते जसंच्या तसं उचलून पाटीवर लावू नका. कातड्याचं काम सोडून एक पिढी शिकून बाहेर पडलीय, तिला ते कुंड परत गावासमोर दाखवायचं आहे का, हे तिला विचारायचं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावण्याचं शास्त्र मोठं आहे, लिहून ठेवायलाच हवं, पण नाव छापायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काहींना अभिमानानं नाव हवं असतं, काहींना अजिबात नको. आणि तुमच्या गटात त्या वस्तीतलं कुणी आहे का? नसेल तर तिथून सुरुवात करा.

शंकासुर
+१. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

ओवी
गावातल्या लोकांनीच संकलन केलं की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. लाखाच्या वर ओव्या, आणि त्या जमवणाऱ्यांत खेड्यातल्या बायका स्वतः होत्या. जातं गेलं, गिरणी आली, ओव्या राहिल्या. जिनिंगमध्ये बाया गात होत्या का विचारा सरकीवाला. आणि बायकांशी बायकांनीच बोलावं, मुकादमाच्या सगळ्या गोष्टी त्या पोरांना सांगणार नाहीत.

मोबाईलवेडा
प्रॅक्टिकल:
रेकॉर्डिंगच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर मध्येच सासूचा कॉल येतो. फाइलला लगेच नाव द्या, गाव-नाव-तारीख, नंतर देऊ म्हटलं की झालंच. व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवू नका, बारीक होतात आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहितीही जाते. दोन कॉप्या, दोन वेगळ्या घरांत. चेहऱ्याचा व्हिडिओ थोडा, हातांचा जास्त. फोटोत मोजपट्टी ठेवा, पट्टी नसेल तर वीट तरी.

मास्तरीण
साल विचारू नका, कुणाला आठवत नाही आणि लोक ओशाळून काहीतरी ठोकून देतात. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (डिसेंबर १९६७) चालू होतं का? तुमचं लग्न झालं तेव्हा भोंगा व्हायचा का? मी मुलांकडून भिंतीवर लांब कागद लावून घेते, त्यावर असे टप्पे लिहिते, आणि म्हातारी मंडळी येऊन आपापसात भांडून साल पक्कं करतात. त्या भांडणाचं रेकॉर्डिंग करा, एकेकट्या मुलाखतीपेक्षा त्यात जास्त मिळतं.

उनाड
आमच्या गावात हे केलं तर १९७२ मध्येच अडकून पडतील सगळे.

खुलताबादी
बंद पडलेल्याबद्दलच सगळे बोलतायत. चालू असलेल्याचं काय? आमच्या बाजूला कागजीपुरा आहे, हातकागदाची परंपरा, पार तुघलकाच्या दौलताबादपर्यंत मागे नेतात. काम चालू असलेल्या ठिकाणी कॅमेरे घेऊन गेलं की त्यांचं काम बुडतं. एका मोठ्या शहरातल्या संस्थेनं असंच एका कारागिराला दिवसभर बसवून सगळं रेकॉर्ड केलं, नंतर त्याला त्याचाच व्हिडिओ बघायला परवानगीचा ईमेल करायला सांगितलं. दिवसाची मजुरी द्या आणि कॉपी द्या, एवढं तरी.

टोपोशीट
ह्यावरून आठवलं, सरकीवाला, मूळ प्रत कुठे राहणार ते आजच ठरवा. विद्यापीठाला, संग्रहालयाला द्या जरूर, पण ती दुसरी प्रत. पहिली तुमच्या वाचनालयात, कपाटात, कुणालाही मागता येईल अशी.

सरकीवाला
मंडळी, खूप आभार, सगळं मास्तरांना वाचून दाखवलं. परवा बसलो होतो, ठरलं ते असं: मालकांकडून कागदावर सही, ती झाली. भंगारवाला दिवाळीनंतर येणार असं तेच म्हणाले, त्यामुळे घाई आहे आणि मोजमापं थांबणार नाहीत, आर्किटेक्ट बाई येतायत, पण त्या आल्या की त्यांच्याबरोबर पूर्वीचा एक रेचेवाला आणि माझी आजी दोघं आत असणार, म्हणजे माप घेता घेता बोलणं चालू. आजी अट घालून येतेय की मुकादमाच्या खोलीत आधी तिला जाऊ द्यायचं. वस्तीतल्या दोन मुली गटात आल्यात, त्या बायकांशी बोलतील. ड्रोन चिमणीपुरता.

दोन प्रश्न उरलेत. एक रेचा भंगाराच्या भावानं विकत घेऊन वाचनालयासमोर ठेवावा का, वर्गणी जमेल असं वाटतं. आणि इंजिनावरची पाटी इतकी गंजलीय की अक्षरं लागत नाहीत, काय करावं?

जुना फिटर
घासू नका! पॉलिश पेपर तर अजिबात नको. अंधार पडल्यावर टॉर्च अगदी बाजूनं, पाटीला जवळजवळ चिकटवून धरा आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा, सावल्यांमुळे उठाव दिसतो. नंबर लागला तर इथे टाका, मेकर ओळखता येतो का बघू.

रेचा घ्या, पण उघड्यावर ठेवाल तर दोन पावसाळ्यांत रुळाचं चामडं कुजेल. वर पत्रा घाला. आणि पाटीवर देणगीदारांची नावं लावायच्या आधी तो चालवणाऱ्याचं लावा, तो तयार असेल तर.

मालकपक्ष
भंगाराचा भाव मालकाला थेट विचारू नका, व्यापाऱ्याला विचारा. आणि एकच रेचा कशाला मागता, पट्टा आणि शाफ्टचा तुकडाही मागा, ते लोक सहसा फुकट देतात.

उनाड
आजी मुकादमाच्या खोलीत गेल्या की रेकॉर्डिंग चालू ठेवा रे. सेन्सॉर न करता इथे टाका.

संपादक
सेन्सॉर करूनच टाका.